शेरा

वहीत सहा रकाने आखलेले, पट्टीने.
तारीख, वेळ, नर, माद्या, नांगी किती वेळा हलली,
आणि पानाच्या काठाला, दोन बोटं रुंद, शेरा.

कोळंबच्या खाडीत कांदळाच्या मुळांपाशी
चिखलात स्टूल रोवून बसायचे मी.
नखाएवढे खेकडे, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी.
ती ते उचलतात, खाली आणतात, पुन्हा उचलतात,
पैलतीरावरच्या होडीला हाक मारल्यासारखी.
असं वाचलं होतं.
माझ्यासमोर नुसती बिळं.
पहिला आठवडा: शून्य. शून्य. शून्य.

द्रुपदी तारी पलीकडे कालवं फोडत होती.
कोयता न थांबवता म्हणाली,
"बाय, तू हयसर बसलंस म्हणान ते बिळात आसत.
तुझ्या त्या टोपयेक घार समजतत."
मी टोपी काढली. ऊन लागलं.
शेऱ्यात लिहिलं: टोपी.
जागा संपली.

प्रभुखानोलकर सर म्हणाले,
खाडीत फार गोष्टी एकदम घडतात,
एकेक काढून टाका.
म्हणून मी काढत गेले.
घार काढली. वारा काढला.
शाळा सुटल्यावर साकवावरून धावणारी पोरं काढली,
कालवांचा वास, द्रुपदीचा कोयता.
चिखल चाळून, भाजून, निर्जंतुक करून घेतला.
रत्नागिरीला, तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या बारा पेट्यांत बारा नर,
बारा तास ट्यूबलाइट, बारा तास अंधार,
आणि माझ्या जागी भिंतीवर कॅमेरा.

नांगी कुणीच उचलली नाही.
कुणासाठी उचलायची?
मी मात्र लिहिलं: वर्तन आढळले नाही.
व्याकरण बघा त्या वाक्याचं,
त्यात मी कुठेच नाही.

एक गोष्ट तेवढी राहून गेली होती काढायची.
पहिल्या दिवशी ते बिळाबाहेर आले पावणेदहाला,
दुसऱ्या दिवशी साडेदहाला,
आज सव्वाअकराला.
दिवे वेळच्या वेळी लागत होते, विझत होते.
खिडकीला काळा कागद होता.
सर म्हणाले, कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा.

मी द्रुपदीला फोन लावला.
"सातम हा आज," ती म्हणाली,
"सात पाऊण सवापाच. सवापाचाक भरती,
म्हणजे सवाअकराक सुकती. कित्याक गो?"
पाऊणकीचा पाढा मी चौथीत घोकला होता,
नंतर कधी लागला नाही.
सांगितलं तिला, इथं पाणी नाही, चंद्र नाही,
तरी यांना कळतंय.
ती जरा वेळ गप्प. मागे कुत्रं भुंकत होतं.
"खाडयेतले ना ते?" एवढंच.

पुण्याच्या परिषदेत एसी फार होता.
कुणीतरी विचारलं, मग तुमचा कंट्रोल नक्की कुठला?
खाडीत चिखल झटकत मी जे भराभर बोलते,
त्यातलं एक वाक्य तोंडात आलं नाही.
प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी बहुधा नोंद केली असेल,
उत्तर आढळले नाही.

आता पुन्हा इथं.
बारातले नऊ परत आणले, तीन वाटेत मेले,
तेही लिहिलंय.
टोपी नाही, मळकट ओढणी डोक्याला,
स्टूलही नाही. बसलेय चिखलातच.
पाणी उतरतंय. द्रुपदीचा कोयता चालू आहे,
तो थांबला की बिळं रिकामी दिसतात,
सुरू झाला की भरतात.
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं,
तिला विचारलं तर म्हणाली,
"मगे? म्हणान तर थांबना नाय."

वही आडवी धरलीय.
तारीख, वेळ, आकडे वर कोपऱ्यात, बारीक.
बाकी पानभर शेरा:
वारा खारा, नैऋत्येकडून. घार एक, उंच.
पोरं अजून सुटली नाहीत.
डावा पाय बधिर.
माझी सावली तिसऱ्या बिळापर्यंत पोचली आहे,
आणि चौथ्या बिळातला